जबड्याच्या इंजेक्शननं काय केलं आणि काय नाही

जबडा दुखतो म्हणून मी गालात बोटॉक्सचं, म्हणजे स्नायू सैल करणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन घेतल्याचं कळल्यापासून ब्लाउजचं माप द्यायला येणाऱ्या बायका आधी तेच विचारतात. लई दुखलं का, चेहरा वाकडा झाला का, पैसे किती गेले, आणि शेवटी, बरं वाटलं का. त्यातल्या काहीजणी बोलता बोलता कानापुढे बोट टेकवतात आणि म्हणतात, "माझंबी हितंच दुखतंय बघा." माप घेता घेता सांगून संपणारी ही गोष्ट नाही, म्हणून एकदा नीट लिहून काढते.

कोल्हापुरात मंगळवार पेठेत माझं शिवणकामाचं दुकान आहे. ब्लाउज, ड्रेस, फॉल-पिको. नवरात्राच्या आधीपासून गर्दी सुरू होते आणि तुळशीचं लग्न लागलं की मग श्वास घ्यायला फुरसत नाही, रात्री बारा-एकपर्यंत मशीन चालू. शिवणकाम करणाऱ्या कुणाच्याही तोंडाकडे जरा लक्ष देऊन बघा. ओठांत टाचण्या, दोरा तोडायला दात, आणि काठ जुळवायचं किंवा गळ्याला पायपिंग लावायचं काम आलं की दातावर दात घट्ट बसलेले. हे कुणी शिकवत नाही. जुन्या बायकांकडे बघून हात शिकतात, तसं तोंडही शिकतं.

सुरुवात कधी झाली ते नक्की सांगता येणार नाही. सकाळी उठलं की जबडा आखडलेला असायचा, कानशिलं ठणकायची, डाव्या कानात दडा बसल्यासारखं वाटायचं. तोंड उघडताना कानापुढे 'कट्' असा आवाज यायचा, तो शेजारी बसलेल्यालाही ऐकू जायचा. खालची डावी दाढ दुखतेय असं वाटायचं. कानाच्या डॉक्टरांनी कान स्वच्छ आहे म्हणून सांगितलं. एका दातांच्या दवाखान्यात त्या दाढेचं रूट कॅनाल झालं, वर कॅप बसली, आणि दुखणं जिथल्या तिथं राहिलं. जबड्याच्या स्नायूचं दुखणं दाढेत आणि कानात जाणवू शकतं, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर एक धडधाकट दाढ वाचली असती. याचा मला अजून राग आहे. म्हणून सांगते, एक्स-रेत दाढ चांगली दिसत असेल आणि तरी दुखत असेल, तर दाढेला हात लावू देण्याआधी जबड्याचे स्नायू तपासून घ्या.

घरी सासूबाई तव्यावर ओव्याची पुरचुंडी गरम करून गाल शेकायला द्यायच्या. सगळ्या उपायांत त्यानेच खरं बरं वाटायचं, आणि पुढे डॉक्टरांनीही शेक चालू ठेवायलाच सांगितलं. बाकी सगळ्यांचा सल्ला एकच होता: टेन्शन घेऊ नको. हे दुखणं पुरुषांपेक्षा बायकांत जास्त दिसतं, तेही ऐन कामाच्या वयात. त्यामुळे ते 'टेन्शन' म्हणून उडवून लावणं सगळ्यांनाच सोपं जातं. दुखणाऱ्या बाईला मात्र त्या शब्दानं आणखी एकटं पडल्यासारखं होतं.

मग एका सकाळी तोंडच उघडेना. चपातीचा घास आडवा करून आत सरकवावा लागला. तेव्हा दुसऱ्या एका दंतवैद्यांनी मला राजारामपुरीतल्या जबड्याच्या सर्जनकडे पाठवलं. मॅक्सिलोफेशियल सर्जन असं त्यांच्या पाटीवर लिहिलेलं असतं. ही शाखा दातांच्याच डॉक्टरांची, पण पुढे जबडा, सांधा, चेहऱ्याची हाडं यांचं वेगळं शिक्षण घेतलेली.

मॅडमनी फाइल उघडायच्या आधी ग्लोव्हज घातले, माझ्या मागे उभ्या राहिल्या आणि दोन्ही कानांपुढे बोटं टेकवली. उघडा, मिटा, डावीकडे सरकवा, उजवीकडे. मग बोटं गालावर आली. "आता दात आवळा, ताई." आवळले तसा जबड्याच्या कोपऱ्याजवळ एक टणक गोळा वर आला. त्यावर त्यांनी अंगठा दाबून धरला आणि माझ्या डोळ्यांतून पाणीच आलं.

"कुठे दुखलं?"

"दाढेत."

तीच दाढ, जिची नस काढून टाकलेली होती. दाब बाहेरून गालावर होता आणि कळ निघाली नस नसलेल्या दाढेत. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा माझं दुखणं कुणाच्या तरी हाताला लागलं. मी खुर्चीत बसून रडले. मॅडमनी टिश्यू पुढे केला आणि थांबल्या. त्या थांबल्या, याचं मला आजही अप्रूप आहे.

मग त्यांनी तोंड किती उघडतं ते मोजलं. आपलीच तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांमध्ये मावायला हवीत, म्हणजे अंदाजे ४० मिलिमीटर. माझी दोन कशीबशी मावली. गालाच्या आतून दातांच्या रेषेत एक पांढरी कड उमटली होती, जिभेच्या कडेला दातांचे ठसे होते. रात्री दात आवळणाऱ्यांच्या तोंडात हे पुष्कळदा दिसतं म्हणे. ओपीजी, म्हणजे दोन्ही जबडे एकाच चित्रात दाखवणारा एक्स-रे, काढला. हाडं ठीक होती.

त्यांनी कागदावर आकृती काढून जे समजावलं ते मी इथे माझ्या शब्दांत सांगते, कारण पुढचं सगळं यावर आहे. कानाच्या पुढे बोट ठेवून तोंड उघडलं की जे हलतं तो जबड्याचा सांधा, टीएमजे. वरचं हाड आणि खालचं हाड यांच्यामध्ये एक चिवट, लवचीक चकती असते. ती पुढे सरकलेली असली तर तोंड उघडताना पुन्हा जागेवर येते आणि तेव्हा तो 'कट्' वाजतो. सांधा हलवणारे स्नायू वेगळे. गालातला मॅसेटर, कानशिलावर पंख्याप्रमाणे पसरलेला टेम्पोरॅलिस, आणि आत खोलवर दोन टेरिगॉइड. दुखणं सांध्याचं असू शकतं, स्नायूंचं असू शकतं, किंवा दोन्हींचं. माझं मुख्यतः स्नायूंचं होतं. आवाज चकतीचा होता, पण मॅडमचं म्हणणं स्पष्ट होतं: नुसता आवाज येत असेल आणि दुखत नसेल तर त्याच्या मागे लागायचं नाही.

पुण्यातल्या माझ्या भाचीनं बोटॉक्सचं नाव आधीच कानावर घातलं होतं. मी लगेच विचारलं. मॅडम म्हणाल्या, "ते शेवटी. बहुतेकजणींना तिथपर्यंत जावंच लागत नाही."

काही महिने साधे उपाय झाले. मऊ जेवण, दिवसातून दोनतीनदा शेक, थोड्या दिवसांपुरत्या सुजेच्या आणि स्नायू सैल करणाऱ्या गोळ्या, जबड्याचे व्यायाम, आणि रात्री दातांवर घालायचं कडक प्लास्टिकचं नाइट गार्ड. यातलं जेवणाचं पथ्य कोल्हापुरात पाळायचं म्हणजे काय, ते कोल्हापूरकरालाच कळेल. भडंग बंद. चिक्की बंद. शेंगा बंद, ऊस तर बघायचाही नाही. रविवारी घरात मटण शिजलं की मी पांढरा रस्सा वाटीनं प्यायची, तांबडा भाताबरोबर खायची आणि फोडी मुलीच्या ताटात घालायची. भाकरी दुधात कुस्करून किंवा आमटीत भिजवून. मिसळ खायची झाली तर फरसाण कटात पूर्ण मऊ पडेपर्यंत थांबायचं. माझ्या जाऊबाई शेतावरून हुरडा घेऊन आल्या आणि मला काही खाता येत नाही हे बघून माझ्याआधी त्यांचाच चेहरा उतरला. लोणी डोसा मात्र चालायचा, त्यावर मी पुष्कळ दिवस काढले.

सगळ्यात अवघड होतं ते दिवसा दात सुटे ठेवणं. ओठ मिटलेले, दात सुटे, आणि जीभ 'न' म्हणताना जिथे टेकते तिथे अलगद टेकलेली, ही जबड्याची विश्रांतीची जागा. दिवसभरात दात एकमेकांना लागायला हवेत ते जेवताना आणि गिळताना, सगळं मिळून जेमतेम वीसेक मिनिटं, असं मॅडम म्हणाल्या. माझे तर मशीनवर बसल्यापासून उठेपर्यंत लागलेले असायचे. त्यांनी घरभर खुणेचे ठिपके चिकटवायला सांगितलं. मी मशीनच्या डोक्यावर, इस्त्रीच्या टेबलावर आणि कापायच्या कात्रीवर लाल टिकल्या लावल्या. टिकली दिसली की दात सोडायचे. टाचण्यांसाठी मनगटावर बांधायची छोटी उशी शिवली. दुकानात शिकायला येणारी पोरगी माझ्यावर नजर ठेवायला लागली. "काकू, दात!" असं ती गिऱ्हाइकांसमोर ओरडायची आणि मी जबडा सोडायची.

यानं फरक पडला. तोंड अडीच बोटांपर्यंत उघडायला लागलं, कान मोकळा झाला. पण कानशिलांचं दुखणं आणि सकाळचा आखडलेपणा जाईना. गार्ड दाखवायला नेलं तेव्हा मॅडमनी ते दिव्याखाली धरलं. त्याच्या मागच्या भागात दाढांचे खळगे पडले होते, चकचकीत, घासून गुळगुळीत झालेले. "झोपेत तुम्ही काय करता ते इथं लिहिलंय बघा," त्या म्हणाल्या. जागेपणी मी जे आवरू शकत होते ते झोपेत आवरता येत नव्हतं. तेव्हा त्यांनी स्वतःहून इंजेक्शनचा विषय काढला.

आधी एमआरआय केला. जबड्याचा एमआरआय दोनदा काढतात, एकदा तोंड मिटून आणि एकदा उघडून. उघडून काढताना दातांमध्ये एक ठोकळा ठेवतात आणि तसंच पडून राहायचं. आखडलेल्या जबड्याला ती थोडी मिनिटं फार लांब वाटली. रिपोर्टात डावी चकती सरकलेली दिसली, पण तोंड उघडल्यावर जागेवर येत होती. म्हणजे ऑपरेशनचा किंवा सांधा सुईनं धुऊन काढण्याचा प्रश्न नव्हता.

बोटॉक्स हे एका कंपनीच्या औषधाचं नाव आहे, पण बोलताना सगळेच त्या प्रकारच्या औषधाला बोटॉक्स म्हणतात. औषध म्हणजे बोट्युलिनम टॉक्सिन, टाइप ए. टॉक्सिन म्हणजे विषच. खराब झालेल्या अन्नातून होणारा बोट्युलिझम नावाचा जीवघेणा आजार ज्या जिवाणूमुळे होतो, त्याच जिवाणूचं. जर्मनीत १९व्या शतकाच्या सुरुवातीला युस्टिनस केर्नर नावाच्या डॉक्टरनं खराब सॉसेज खाऊन लोक लुळे पडतात याचा अभ्यास केला आणि हेच विष थोड्या प्रमाणात औषध म्हणून वापरता येईल, असा विचार तेव्हाच मांडला. पुढे १९७०च्या दशकापासून अमेरिकेत डोळ्यांचे डॉक्टर ॲलन स्कॉट यांनी ते तिरळ्या डोळ्यांवर वापरून पाहिलं, आणि १९८९ मध्ये तिथं तिरळेपणा आणि पापण्या आपोआप आवळल्या जाण्याच्या आजारासाठी त्याला मान्यता मिळाली. सुरकुत्यांसाठीची मान्यता २००२ ची, जुनाट मायग्रेनसाठीची २०१० ची. म्हणजे चेहरा तरुण दिसायच्या कितीतरी आधी हे औषध आवळलेल्या स्नायूंसाठी आलं, हे मला घरच्यांना पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. सासूबाईंची काळजी साधी होती. "आगं, इख म्हणं ते. आन थोबाडात टोचून घ्यायचं?"

नवऱ्याला दुसरी शंका होती, आणि ती रास्त होती: जबड्याच्या दुखण्यासाठी याला मान्यता आहे का? मॅडमनी आडपडदा न ठेवता सांगितलं की अमेरिकेतल्या मान्यतेच्या यादीत जबड्याचं दुखणं नाही. डॉक्टर स्वतःच्या अनुभवावर आणि झालेल्या अभ्यासांवर ते वापरतात. त्या अभ्यासांचे निकालही एकसारखे नाहीत. काहींत नुसत्या सलाइनच्या इंजेक्शनपेक्षा चांगला फायदा दिसला, काहींत फारसा फरक दिसला नाही. दुखणं स्नायूचं असेल आणि साध्या उपायांनी पूर्ण जात नसेल, तर विचार करावा. सांध्यातली चकती यानं जागेवर बसत नाही, झिजलेलं हाड भरून येत नाही. वारंवार मोठे डोस घेतले तर स्नायू बारीक होतो, आणि त्यामुळे जबड्याच्या हाडावरचा भार कमी होऊन हाड विरळ होऊ शकतं, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय, हेही त्यांनीच सांगितलं. मला तर एवढं सगळं ऐकल्यावरच भरवसा वाटला. आधी चौकशीला फोन केला होता त्या एका ठिकाणी, तपासणी न करताच, "या, दहा मिनिटांत करून टाकू, चेहरापण बारीक दिसेल," असं उत्तर मिळालं होतं. तिथं मी गेले नाही.

पैशाचंही सांगते. हिशेब युनिटवर, म्हणजे औषध मोजायच्या मापावर, असतो आणि लग्नसराईच्या एका चांगल्या महिन्याची माझी शिलाई त्यात गेली. दाखल न होता घेतलेले उपचार माझ्या विम्यात बसत नव्हते. दर विचारताना औषध कोणतं आणि युनिट किती, हे दोन्ही विचारा. एका कंपनीचं एक युनिट म्हणजे दुसऱ्या कंपनीचं एक युनिट नसतं, त्यामुळे नुसत्या आकड्यांवर स्वस्त-महाग ठरवता येत नाही.

त्या दिवशी आधी फॉर्म भरून घेतला. दिवस गेलेत का, अंगावर पाजता का, मायस्थेनिया ग्रॅव्हिस वगैरे स्नायू आणि नसांचा आजार आहे का, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, जेंटामायसिनसारखी अँटिबायोटिक्स चालू आहेत का, टोचायच्या जागी फोड-पुळी आहे का. यातल्या प्रत्येक प्रश्नाला कारण आहे, घाईघाईत 'नाही, नाही' म्हणत सह्या करू नका.

फ्रिजमधून एक इवलीशी बाटली निघाली. शंभर युनिटची, आणि तळाशी पाहिलं तर काहीच नसल्यागत. औषध एवढं थोडं असतं की काचेवर नुसता पापुद्रा दिसतो. मॅडमनी त्यात दोन मिली सलाइन सोडलं. बाटलीत हवा काढून घेतलेली असते, त्यामुळे सुई आत जाताच सलाइन आपोआप ओढलं गेलं. त्यांनी बाटली हलवली नाही, हातात धरून अलगद फिरवली. मग बारीक सिरिंजमध्ये भरलं. दोन मिलीत शंभर युनिट, म्हणजे सिरिंजच्या दर ०.१ मिलीला ५ युनिट. मापं काढण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारखीला हे बघून फार बरं वाटलं. मॅडम प्रत्येक ठिकाणी किती जाणार ते नर्सला मोठ्यानं सांगत होत्या आणि ती कागदावर मांडत होती.

मग पांढऱ्या पेन्सिलीनं खुणा. कानाच्या पाळीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत एक रेष, आणि टोचायचं ते त्या रेषेच्या खाली. वरच्या बाजूला लाळेची नळी जाते. "दात आवळा," म्हणून त्यांनी मॅसेटरची पुढची आणि मागची कड चाचपली आणि पुढच्या कडेपासून बोटभर आत राहून ठिपके काढले. पुढे हसण्याचे स्नायू असतात, औषध तिकडे पसरलं तर हसू वाकडं होतं. कपड्यावर खडूनं खुणा मी रोज करते. स्वतःच्या गालावर कुणी तितक्याच काळजीनं खुणा करतंय, हे अनुभवून माझी भीती निम्मी गेली. कानशिलावर केसांच्या रेषेत चार ठिपके.

बर्फ लावला, स्पिरिटनं पुसलं. सुई इन्शुलिनच्या सुईइतकी बारीक होती. गालात ती सरळ आत, हाडाजवळ जाईपर्यंत जाते. टोचल्याचं फार काही नाही, औषध आत शिरताना मात्र एक दडपल्यासारखी कळ येते आणि लगेच जाते. कानशिलावर जास्त झोंबलं, आणि सुई शिरताना एक बारीक करकर आतून कानात ऐकू येते, ती आधी कुणी सांगितलेली बरी, म्हणून सांगते. दोन्ही मॅसेटरना प्रत्येकी २५ युनिट, दोन्ही टेम्पोरॅलिसना थोडं कमी. सगळं मिळून चहा गार होण्याआधी उरकलं. चार तास आडवं व्हायचं नाही, गाल चोळायचा नाही, दिवसभर जड व्यायाम नाही, शेकही त्या दिवशी नाही. रिक्षानं घरी आले आणि संध्याकाळी महाद्वार रोडला जाऊन अस्तरही घेऊन आले. उजव्या कानशिलावर एक लहान निळा डाग पडला होता, तो आठवड्यात गेला.

आणि मग काहीच झालं नाही.

हे फार महत्त्वाचं आहे. पहिल्या दिवशी काहीच कळत नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मला त्या दिवसांत पैसे पाण्यात गेले असंच वाटत होतं. पण हे वेदनाशामक नाही. नसेच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं, ते स्नायूला 'आवळ' म्हणून निरोप देतं. टॉक्सिन नसेच्या टोकात शिरून तो निरोप सुटूच देत नाही. हे व्हायला काही दिवस जातात. परिणाम आठवड्याभरात जाणवायला लागतो आणि दोन ते चार आठवड्यांत पूर्ण दिसतो.

मला ते कळलं एका रात्री हुक लावताना. काम अवघड होतं, गिऱ्हाईक सकाळी येणार होतं, आणि सवयीनं मी दात आवळायला गेले तर दात लागले, पण पुढची ती ताकदच आली नाही. मशीनचा टेन्शनचा स्क्रू कुणी दोन आटे सैल करावा, तसं झालं होतं. सुई तीच, दोरा तोच, ओढ नाही. कानशिलावर हात लावला. ठणका नव्हता. केव्हा थांबला तेही कळलं नव्हतं.

त्याबरोबर जे गेलं तेही सांगायला हवं. चावायची ताकद कमी झाली. बोलायला, हसायला, गिळायला काही अडचण नाही, पण जरा चिवट घास असला की तीनचार वेळा चावून गाल थकून जायचा. ज्वारीची भाकरी पुन्हा दुधात गेली. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हसताना डावा ओठ किंचित कमी वर जायचा. बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही, मुलीनं एका डोहाळजेवणाच्या फोटोत ओळखलं. मॅडमनी सांगितलं होतं की असं झालं तर थांबणं हाच उपाय आहे, उतारा कुठला नसतो. महिन्याभरानं ओठ सरळ झाला. तो महिना मला जड गेला. आरशात बघून केस विंचरताना हसून बघायची आणि लगेच तोंड मिटायची. चेहऱ्याचा प्रश्न आला की मन असं लहान होतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण हे होऊ शकतं याची तयारी ठेवूनच खुर्चीत बसावं.

'कट्' आवाज तसाच राहिला. चकतीला या औषधानं काही होणार नाही, हे आधीच सांगितलेलं होतं. पण आवाजाबरोबर येणारी कळ गेली, कारण सांध्यावर रात्रभर पडणारा दाब कमी झाला होता. गार्ड पुन्हा दिव्याखाली धरलं गेलं तेव्हा जुन्या खळग्यांच्या बाजूला नवे ठसे फिके होते. आणि तोंड तीन बोटं उघडलं.

माझं स्वतःचं मत असं झालंय की इंजेक्शननं मला बरं केलं असं म्हणण्यापेक्षा त्यानं मला तीन-चार महिने मोकळे करून दिले. नसेची टोकं पुन्हा कामाला लागतात आणि साधारण तेवढ्याच काळात परिणाम ओसरतो. त्या काळात स्नायू भांडत नसतो, म्हणून व्यायाम जमतात. हनुवटीखाली मूठ ठेवून तिला दाबत सावकाश तोंड उघडायचं, आरशासमोर जबडा मधल्या रेषेत ठेवून उघडझाप करायची, जांभई आली की मूठ हनुवटीला लावायची. आधी हे करताना कळ यायची आणि मी सोडून द्यायची. आता ते अंगवळणी पडलं. टिकल्यांचीही गरज कमी झाली. माझ्यासारखंच इंजेक्शन घेतलेल्या एका बाईनं गार्ड कपाटात टाकलं, व्यायाम सोडले, आणि परिणाम ओसरला तसं तिचं दुखणं जसंच्या तसं परत आलं. तिला दोष द्यायला मी धजत नाही. बरं वाटायला लागल्यावर कोण आरशासमोर उभं राहून जबड्याची कवायत करतं? पण हे आधी तिला कुणी बसवून सांगितलं होतं का, हा प्रश्न मला पडतो.

परिणाम ओसरला तेव्हा माझंही दुखणं थोडं परतलं, पहिल्याइतकं नाही. लगेच पुन्हा घ्यायची माझी तयारी होती, मॅडमची नव्हती. दोन वेळांमध्ये किमान तीन महिने तर हवेतच, पण त्याहून लांबवता आलं तर उत्तम, असं त्यांचं म्हणणं. पुढची लग्नसराई तोंडावर आली तेव्हा दुसऱ्यांदा घेतलं, फक्त मॅसेटरमध्ये आणि कमी युनिट. कानशिलांना गरज उरली नव्हती. यावेळी हसू सरळ राहिलं. त्यानंतर घ्यावं लागलेलं नाही. गार्ड रोज रात्री लावते. मटण खाते, हळू आणि दोन्ही बाजूंनी चावून. ऊस मात्र सोडला तो सोडलाच, रस पिते.

दुकानातल्या त्या पोरीला मी परवा सहज म्हटलं, तुझी तीन बोटं मावतात का बघ. ती हसत होती. "मावत्यात की काकू, मी काय म्हातारा झालोय व्हय?" मग उभी बोटं दातांत धरायला गेली आणि तिसरं बोट बाहेरच राहिलं. सकाळी तिचं कानशील दुखतं, हे त्यानंतर बाहेर पडलं, आणि हेही की ती अजून माझी पाठ वळली की टाचण्या दातांतच धरते. तिच्या आईशी बोलून झालंय. या सुट्टीच्या दिवशी तिला मॅडमकडे घेऊन जाणार आहे, आणि तिच्या मनगटाच्या मापाची टाचण्यांची उशी आज शिवून झाली.